चौथ्या गाण्याच्या पुढं

पवनानगरच्या जीपस्टँडवर आबा आम्हाला सोडायला आले होते. म्हणजे मीच त्यांना हाताला धरून आणलं होतं. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि डाव्याला नुसता उजेड कळत होता. माझा नवरा महेश जीपच्या टपावर दोन बॅगा आणि तांदळाचं पोतं बांधत होता. लोणावळ्याहून आम्हाला चेन्नईची गाडी पकडायची होती आणि पुढं ओरगडमला जायचं होतं. महेशच्या कंपनीनं तळेगावचं काम तिकडच्या कारखान्यात हलवलं होतं आणि कामाबरोबर माणसंही. जीपवाला सारखा हॉर्न मारत होता. नीट ऱ्हावा, पोचल्याव फोन करा, पोरीची आबाळ करू नगा, असं बापानं सांगायचं ते सगळं आबांनी महेशला सांगितलं. मला मात्र जरा बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, “सुमे, चौथ्या गाण्याच्या म्होरं कायतरी ऱ्हायलंय बग.”

मी म्हटलं, डिस्कला ओरखडा गेला असेल आबा, तिथून दुसरी पाठवते. ते “बरं” म्हणाले. मी जीपमध्ये बसले. जन्मगाव सोडताना बापाशी झालेलं माझं शेवटचं बोलणं हे असं, दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं.

तसं बोलायची मला सवयच होती. लग्नाआधी चार वर्षं मी तळेगाव स्टेशनजवळच्या एका दुकानात कामाला होते. ‘एमपीथ्री सीडी भरून मिळेल’ अशी बाहेर पाटी होती. आमचं गाव पवनानगरच्याही पुढं, धरणाच्या कडेला. तिथून रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी कान्ह्याला मावशीकडे राहायचे आणि सकाळच्या लोकलनं तळेगाव गाठायचे. लोक गाण्यांच्या याद्या घेऊन यायचे. साध्या सीडीवर पंधरा-सोळा गाणी बसायची, एमपीथ्री केली की दीडशे, आणि आवाज आणखी दाबून फाईल बारीक केली तर तीनशेसुद्धा. गिऱ्हाइकाला आकडा मोठा लागायचा. आवाजाचं काय झालं हे विचारायला कुणी परत आलं नाही.

घरातल्या प्लेअरचे नखरे मला तोंडपाठ होते. डिस्क शेवटी नीट बंद केली नाही तर प्लेअर ती वाचतच नाही. गाण्याचं नाव मराठीत टाकलं तर टीव्हीवर नुसते चौकोन दिसतात. घाईनं, जास्त वेगानं राईट केलेली डिस्क जुन्या प्लेअरवर अडकते. मी कधी घाई केली नाही. माझ्या हातची डिस्क तक्रार घेऊन परत येत नसे आणि त्याचा मला भलताच ताठा होता.

कॅसेटवरून डिस्क करायचं काम शेठ माझ्याकडेच द्यायचे. टेपला हेडफोन लावायचं जे भोक असतं त्यातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडायची आणि कॅसेट लावायची. तासाची कॅसेट असेल तर तास लागणारच, तिथं काही चलाखी चालत नाही. सगळा आवाज आत आला की पडद्यावर त्याची रेघ दिसते. गाणं असेल तिथं ती फुगलेली आणि मधल्या शांततेत सपाट. आधी कॅसेटची खरखर काढून टाकायची. मग सपाट भाग निवडायचा, कापायचा आणि प्रत्येक गाणं सुटं करायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, मधलं खोकणं-बिकणं नको, नुसती गाणी द्या. पुढं पुढं मला ऐकावंसुद्धा लागत नसे. रेघेकडे बघितलं की हात आपोआप चालायचा.

आता आईच्या कॅसेटचं सांगते.

आबा तेव्हा दुधाच्या टेम्पोवर होते. लोणावळ्याच्या बंगल्यांना दूध घालायचे. एका बंगल्यातल्या बाई घर बंद करून चालल्या होत्या, त्यांनी आबांना त्यांचा जुना टेपरेकॉर्डर देऊन टाकला. रेकॉर्डिंगचं लाल बटण असलेला. माझ्या आत्याच्या हळदीला आमच्या घरी बायका जमल्या, तेव्हा आबांनी तो भाताच्या कणगीमागं ठेवला आणि बटण दाबलं. बायकांनी सहा गाणी म्हटली. पुढं म्हणणारी माझी आई. मी नववीत असताना ती काविळीनं गेली. तिचे फोटो दोन, दोन्ही दुसऱ्यांच्या लग्नातले आणि त्यातल्या एकात ती अर्धीच. तिचा आवाज एवढाच, त्या कॅसेटमधला.

आबा ती कॅसेट रोज लावत नसत. पण लावली की घरातून आम्हाला बाहेर काढायचे. जा, गुरांकडं बघा. आम्हाला वाटायचं, रडत असतील. म्हणून आम्ही जायचो.

पुढं त्या टेपचा पट्टा तुटला आणि कॅसेट अडकायला लागली. मी दुकानात चांगली रुळले होते. म्हटलं, आपल्या आबांसाठी करूया की. दिवाळीच्या आधी कॅसेट तळेगावला नेली. सुरुवातीची एक-दोन मिनिटं हेडफोन कानाला लावला. आईनं श्वास घेऊन पहिली ओळ उचलली आणि मला पुढचं ऐकवेना. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाकीचं सगळं काम डोळ्यांनी केलं. खरखर काढली. सपाट जागा कापल्या. सहा गाण्यांच्या सहा फायली केल्या. एकाच डिस्कवर आबांना आवडणारी बाकीची गाणीही बसावीत म्हणून आवाज दाबून बारीक केला. मूळची मोठी फाईल जागा खात होती, ती पुसून टाकली. दुकानाचा नियमच होता तो.

पगारातून डीव्हीडी प्लेअर घेऊन गेले. आबांना बटणं दिसायची नाहीत, म्हणून रिमोटच्या चालू करायच्या बटणावर मखमली टिकली चिकटवली आणि पुढच्या गाण्याच्या बटणावर काडेपेटीच्या काडीचा तुकडा. त्यांनी चाचपून पाहिलं, दाबलं, आणि आई घरात गायला लागली. खरखर नाही, काही नाही, एकदम स्वच्छ. आबा सहाही गाणी ऐकून म्हणाले, “चांगलं झालं, पोरी.” मला आभाळ ठेंगणं झालं.

आणि कॅसेट?

आमच्याकडे भात निसवला की पाखरं तुटून पडतात. तेव्हा खाचराच्या कडेनं काठ्या रोवून त्यांना कॅसेटची पट्टी ताणून बांधायची पद्धत होती. वारा आला की ती पट्टी भुणभुणते, उन्हात चमकते, आणि पाखरू बसत नाही. दुकानात टाकाऊ कॅसेटांचा ढीग पडलेला असायचा. दरवर्षी मी पिशवी भरून गावी न्यायचे आणि माझा भाऊ दत्ता त्या उलगडायचा. त्या वर्षी पिशवीत आईची कॅसेटही मीच घातली. चुकून नाही. आता तिचं सगळं डिस्कवर आलं, मग ती अडकणारी कॅसेट ठेवून काय लोणचं घालायचंय, असा माझा विचार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारखीसाठीच.

आठवड्यानं आबांनी विचारलं, कॅसेट कुठं आहे. मी सांगितलं, खाचराला लावली की. ते “बरं” म्हणाले. त्या वर्षी भात कापेपर्यंत ते रोज बांधावर जाऊन बसत होते. दत्ता म्हणायचा, दिसत नाही तर राखण कसली करताय? ते म्हणायचे, ऐकू येतंय की.

त्यानंतर वर्षभरात त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, चौथ्या गाण्याच्या पुढं काही होतं का. मी म्हटलं, पाचवं गाणं. पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली, आणि तो जीपस्टँडचा दिवस आला.

ओरगडमबद्दल काय सांगू? गावातल्या तुमच्यापैकी जे माझ्यासारखे कारखान्यामागं गेले, त्यांना ते ठाऊकच आहे, गावाचं नाव फक्त बदला. सपाट जमीन, रुंद रस्ते, कंपन्यांच्या भिंती. बारा महिने घाम. डोळा लागेल तिथं डोंगर नाही, याची सवय व्हायला मला दोन वर्षं लागली. आधी पाण्याला ‘तन्नी’ म्हणायला शिकले, मग भाजीवाल्याशी भांडायला. आता फोनवर दत्तालाही चुकून ‘सेरी सेरी’ म्हणते आणि तो म्हणतो, ताई, मराठीत बरं म्हन की.

शेजारी सेल्वी अक्का राहते. तिला माझं एक फार नवल वाटायचं. मी महेशला महेश म्हणते. महेश, गॅस बंद कर. महेश, पोरीला आण. दिवसातून पन्नासदा. ती नवऱ्याला ‘एन्नंगा’ म्हणते, म्हणजे आपलं ‘अहो, ऐकलं का’. एकदा तिनं तोंडाला पदर लावून मला विचारलं, तुला नाव घेताना काही वाटत नाही? मी हसले. मला खरोखर काही वाटत नव्हतं. नाव ही वस्तू आमच्या पिढीत इतकी स्वस्त झाली होती, की कुणी ती उभ्या जन्मात एकदाच वापरली असेल हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

तिथून मी आबांना डिस्का पाठवत राहिले. कुणी गावाकडे निघालं की त्याच्या हाती द्यायची. भजनं, जुनी नाटकातली गाणी, बातम्यांचे जुने कार्यक्रमसुद्धा. दत्तानं त्यांना मोबाईल घेऊन दिला होता, पण काचेवर बोटांना काही सापडत नाही म्हणून त्यांनी तो हातात धरला नाही. टिकली आणि काडी त्यांना पुरत होती. आणि प्रत्येक फोनला, ख्यालीखुशाली झाली की, ते चौथ्या गाण्यावर यायचे. मी हटले नाही. आईची डिस्क पुन्हा राईट केली, सगळ्यात हळू वेगावर. दुसऱ्या प्रकारच्या कोऱ्या डिस्कवर केली. प्लेअरचं भिंग साफ करायची डिस्क पाठवली. दत्ताला प्लेअर बदलायला सांगितलं, तो आबांनी बदलू दिला नाही. दरवेळी ऐकून ते म्हणायचे, “न्हाई, तितं न्हाई.”

एकदा मी चिडले. पोरगी तापानं फणफणलेली, महेश रात्रपाळी करून झोपलेला, आणि फोनवर परत तेच. मी म्हटलं, “आबा, चौथ्यानंतर पाचवं गाणं आहे. दुसरं तिथं काही नाही. मी केलंय ना ते? मला माहीत नाही का?”

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, सुटला विषय.

मग एके दिवशी दत्ताचा फोन आला. आबांनी जेवण सोडल्यात जमा होतं. डॉक्टर म्हणत होते, वय झालंय, किडन्या थकल्यात, घरीच ठेवा. दत्ता म्हणाला, भ्रमात बोलायला लागलेत, सारखं चौथं गाणं, चौथं गाणं करतात. मी कान्ह्याला मावशीला फोन लावला. आईची ही धाकटी बहीण. आबांचं कसं आहे ते सांगता सांगता चौथ्या गाण्याचंही सांगितलं. मावशीनं मला मधेच थांबवलं.

“सुमे,” ती म्हणाली, “तुला म्हाईत न्हाई व्हय? अगं, तितं तुज्या आईनं त्येंचं नाव घेतलतं.”

मला आधी काही कळलंच नाही. मावशीनं उलगडून सांगितलं. त्या हळदीच्या दिवशी चौथं गाणं झाल्यावर बायका चहाला बाहेर गेल्या. आबा कणगीमागं टेपशी खुडबुड करत होते. आई आत आली. दोघंच होती. टेप चालू आहे हे तिला माहीत नव्हतं आणि तिनं त्यांना नावानं हाक मारली. धोंडू. उखाण्यात नव्हे, कुणी अडवून घ्यायला लावलं म्हणून नव्हे. साधी हाक. दोन दिवसांनी आबांनी तिला ती ऐकवली, तेव्हा ती लाजून अर्धमेली झाली आणि पुसा म्हणून मागं लागली. त्यांनी पुसली नाही. आईनं हे फक्त मावशीला सांगितलं होतं आणि शपथ घातली होती.

माझी आई नवऱ्याचं नाव कशी टाळायची ते मला आठवतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की मला पुढं ढकलायची, सांग गं. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, ती कधी म्हणाली नाही. अधिकाचा म्हणायची. कुंपणातला धोंडासुद्धा तिच्या तोंडी दगड व्हायचा. अशा बाईनं एकदाच, दोघंच असताना, ती हाक मारली. आणि आबा हे लेकीला कसं सांगणार? तुझी आई मला नावानं हाक मारून गेली, ती जागा मला हवी आहे, असं आमच्याकडचा बाप मेला तरी पोरीला सांगत नाही. त्यांना जमलं तेवढं त्यांनी सांगितलं. चौथ्या गाण्याच्या म्होरं. आणि मी त्यांना भिंग साफ करायची डिस्क पाठवली.

मावशीला मी विचारलं, नक्की काय म्हणाली आई? ती म्हणाली, बास की आता धोंडू, असं कायतरी.

मी शेठना फोन केला. दुकान कधीच बंद झालं होतं, ते आता मोबाईलची कव्हरं विकतात. तो कॉम्प्युटर भंगारात गेला त्यालाही जमाना झाला. फोन ठेवल्यावर मला पडद्यावरची ती रेघ दिसायला लागली. चौथं गाणं संपतं, मग सपाट, आणि त्या सपाटीत एक छोटासा उंचवटा. मला तो खरंच आठवतोय की आता मीच तो तिथं काढतेय, देव जाणे. कुणाचं तरी खोकणं म्हणून कापला असेल. कानांनी काम केलं असतं तर कापला नसता. आईचं ऐकवत नाही म्हणून कान बंद करणारी मी, आणि तिचं सगळ्यात खरं बोलणं माझ्याच हातानं गेलं.

मग मी जे केलं ते कुणाला पटेल न पटेल. माझा आवाज आईसारखा आहे असं मावशी कायम म्हणते. सकाळी अकराला महेश कामावर, पोरगी शाळेत. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि मोबाईल पुढ्यात ठेवून मी माझ्या बापाला नावानं हाक मारायला बसले. जीभ उचलेना. पहिल्या वेळी तर मी आपोआपच कानाला हात लावला. वीस-पंचवीस वेळा म्हटलं तेव्हा कुठं ते बापाचं नाव न राहता नवऱ्याचं वाटायला लागलं. बास की आता, धोंडू. मधेच सेल्वी अक्का दार वाजवून गेली. घामानं मी निथळत होते.

पुढचं काम मला येत होतं. पूर्वी एवढ्या निगुतीनं काढलेली खरखर आता परत आणायची होती. रेडिओचं स्टेशन हलवून ती भरली. आवाज दाबून दाबून इतका बारीक केला की त्यातला श्वास निघून गेला. हे मला दुकानापासून माहीत होतं. आवाज फार दाबला की तो कुणाचाच राहत नाही, आणि कुणाचाही वाटू शकतो. चौथ्या गाण्याला तो तुकडा जोडला. लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नव्हती, महेशनं कामावरच्या कुणाकडून तरी बाहेरून जोडायचा राईटर आणला. कोरी डिस्क श्रीपेरुंबुदूरला एका वह्यांच्या दुकानात, धुळीत सापडली. सगळ्यात हळू वेगावर राईट केली आणि गाडीत बसले.

आबा पडवीत खाटेवर होते. हाडांवर नुसती कातडी राहिली होती. दत्ता डेअरीला गेला होता आणि त्याची बायको, आमची वहिनी, मागं भांडी घासत होती. दुपारची वेळ. मी म्हटलं, आबा, जुनी फाईल सापडली. एवढं खोटं मी सरळ तोंडानं बोलले. डिस्क घातली आणि रिमोट हातात दिला. त्यांनी अंगठ्यानं टिकली शोधली. वहिनीनं ती मधूनमधून बदलली होती, त्या दिवशी ती हिरवी होती.

एक, दोन, तीन गाणी झाली. चौथं सुरू झालं तसे ते उठून बसायला लागले. मी पाठीला हात दिला. गाणं संपलं. खरखर आली. मग ती हाक.

त्यांनी बटण दाबून गाणं परत पहिल्यापासून लावलं. परत ऐकलं. मग त्यांनी ते बंद केलं.

“सुमे,” ते म्हणाले, “आवाज तुजा हाय.”

“बापाचं नाव घेताना जड गेलं असंल,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, लहानपणीसुद्धा रडले नव्हते तशी. माझं चुकलं आबा, एवढंच म्हणत राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“ती बास न्हवती म्हनली. निस्तं नाव घेतलं आन् गप ऱ्हायली. मीबी गप. मंग बांगड्या वाजल्या. एवढंच व्हतं.”

मग म्हणाले, “तुला काय ठावं, पोरी. गप बसल्यालं कुनाला ऐकू येतं.”

मी विचारलं, ही डिस्क मोडून टाकू का? ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे. तुजाबी आवाज लागंल की कुनाला.”

पोरीची परीक्षा होती म्हणून सहाव्या दिवशी मी ओरगडमला परत निघाले. मी पोचले त्याच्या चौथ्या दिवशी आबा गेले. दहाव्याला मी गावी गेले तेव्हा प्लेअर उघडून पाहिला. आत डिस्क नव्हती. माझी डिस्क कागदी पाकिटात घालून त्यांनी उशीखाली ठेवली होती. मी गेल्यावर ती त्यांनी एकदाही लावली नव्हती असं वहिनी म्हणाली. मागितलीही नाही आणि चौथ्या गाण्याचं नावही परत काढलं नाही. जपून ठेवली होती की काढून ठेवली होती, हे मला अजून ठरवता येत नाही. घाटावर पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, माणूस तृप्त गेला. मी एकटीच तिथं उभी राहून विचार करत होते, की यांनी मागायचंच सोडून दिलं होतं.

दुपारी खाचराकडे गेले. आता दत्ता बाजारातल्या चमकत्या फिती लावतो. त्या वाजत नाहीत. शेजारच्या दोन खाचरांत तंबू लागलेत आणि शनिवार-रविवारी तिथं पुण्या-मुंबईच्या पोरांचे स्पीकर दणदणतात. दत्ताला मी विचारलं, त्या वर्षीच्या पट्ट्यांचं काय केलंस? तो म्हणाला, काय करणार, तुटल्या, चिखलात गेल्या, नांगरात आल्या असतील. त्याला मी काहीच सांगितलेलं नाही. दत्ता, हे वाचशील तेव्हा तुला कळेल. तुझा त्यात काही दोष नाही. पिशवी मीच आणली होती.

ओरगडमला आता आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलंय. सगळे विचारतात, झालात का मग इथले? मी महेशला अजून नावानंच हाक मारते, पण आता कधी कधी हाक मारल्यावर पुढं काही बोलत नाही. तो आतून विचारतो, काय? मी म्हणते, काही नाही. तो वैतागतो. त्याचं बरोबर आहे. कामाशिवाय नाव घ्यायची आमच्यात रीतच राहिली नाही.

तुमच्यातले काही गावी राहिलात, आम्ही काही निघून आलो, आणि भेटलो की सगळे घराबद्दलच बोलतो. कुणाला धरण दिसतं, कुणाला तांदळाचा वास येतो. मला यातलं काही आठवत नाही असं नाही. पण मला विचाराल तर एकानं नाव घ्यावं, पुढं काही बोलायची गरज दोघांनाही पडू नये, आणि बांगड्या वाजाव्यात, एवढी जागा म्हणजे घर. आमच्या घरात ती होती, पाच-सात सेकंदांची. माझ्या हातात आली होती. मला ती सपाट दिसली आणि मी कापली.